मॅग्नेटिक डोअर होल्डर: अलार्मचा भाग की दरवाजाचा?

फायर डोअर (आग-धूर अडवणारा दरवाजा) एरवी उघडा धरून ठेवणारा आणि अलार्म आला की सोडणारा भिंतीवरचा चुंबक बीओक्यूच्या, म्हणजे कामाच्या परिमाण-यादीच्या, कुठल्या भागात टाकायचा, यावरून दोन ठेकेदारांची हमखास जुंपते. अलार्मवाला म्हणतो, हे दरवाजाचं हार्डवेअर. दरवाजावाला म्हणतो, वायर तुमच्या पॅनेलमधून आलीये, म्हणजे तुमचंच. शेवटी दोघेही आपापल्या टेस्ट रिपोर्टवर सही करून मोकळे होतात आणि होल्डर कोणाच्याच कागदावर नसतो.

थेट उत्तर द्यायचं तर चुंबक हा अलार्म सिस्टीमचा घटक नाही. त्याची वीज तोडून त्याला सोडणारा रिले, म्हणजे पॅनेलच्या हुकमावर चालणारा स्विच, मात्र पूर्णपणे अलार्मचा. एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या अमेरिकी मानकात यासाठी ‘इमर्जन्सी कंट्रोल फंक्शन इंटरफेस डिव्हाइस’ अशी संज्ञा आहे. आगीच्या वेळी करायचं काम दुसरी यंत्रणा करते आणि तिला थेट जोडलेला, लिस्टेड (चाचणी संस्थेच्या मान्य यादीत) असलेला अलार्मचा घटक म्हणजे हे इंटरफेस डिव्हाइस. दरवाजा बंद होणं हे काम, आणि रिले किंवा कंट्रोल मॉड्यूल हा तो घटक. सीमा रिलेच्या टर्मिनलवर पडते. तिच्या अलीकडे अलार्मवाला, पलीकडे दरवाजाचं हार्डवेअर.

मानकांची विभागणीही हेच सांगते. अमेरिकेत अलार्मचं पॅनेल आणि त्याची उपकरणं यूएल ८६४ खाली येतात, तर डोअर क्लोजर-होल्डरसाठी (क्लोजर म्हणजे दरवाजा आपोआप मिटवणारी यंत्रणा) यूएल २२८ हे वेगळं मानक आहे. युरोपात अलार्मची सगळी मंडळी ईएन ५४ च्या कुटुंबात, आणि झुलत्या दरवाजांची विजेवर चालणारी होल्ड-ओपन उपकरणं ईएन ११५५ मध्ये, म्हणजे दरवाजाच्या हार्डवेअरच्या रांगेत. त्यामुळे ‘होल्डरला ईएन ५४ चं सर्टिफिकेट आणा’ अशी मागणी आली तर ती चुकीची आहे. सर्टिफिकेट मागायचंच, पण ईएन ११५५ चं.

पण ‘आमचा घटक नाही’ याचा अर्थ ‘आमचा संबंध नाही’ असा घेतला की गडबड सुरू होते. एनएफपीए ७२ च्या २१ व्या प्रकरणात दरवाजे आणि शटर सोडण्याबद्दल स्वतंत्र तरतुदी आहेत. ब्रिटनमध्ये तर अलार्मच्या सिग्नलवर दरवाजे सोडण्याच्या व्यवस्थेसाठी बीएस ७२७३ चा चौथा भाग आहे. घटक कोणाचा, वीज कोणाची, वायरवर देखरेख कोणाची आणि चाचणी कोणाची, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारही उत्तरं वेगवेगळी निघतात. एकाच ‘हो किंवा नाही’मध्ये ते कोंबले की वाद मिटत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. मॅगलॉक आणि डोअर होल्डर या एकाच जातीच्या वस्तू नव्हेत. होल्डर दरवाजा उघडा धरतो, साधारण १०० ते ४०० न्यूटन ताकदीने, आणि हाताने जोर लावून ओढला तर सुटलाच पाहिजे. मॅगलॉक दरवाजा बंद धरतो, २७०० किंवा ५३०० न्यूटनच्या आसपास, आणि हाताने सुटू नये हाच त्याचा उद्देश. अलार्मला दोघांचीही वीज तुटते. पण होल्डर सुटला नाही तर धूर पसरतो, मॅगलॉक सुटला नाही तर माणसं आत अडकतात. मॅगलॉकचे नियमही वेगळे आहेत. ड्रॉइंगवर दोघांना एकच ‘ईएम’ हे चिन्ह देणाऱ्या सल्लागाराला ड्रॉइंग परत पाठवलेलं बरं.

वायरवर देखरेख: कुठपर्यंत?

पॅनेलपासून रिले मॉड्यूलपर्यंतची वायर देखरेखीखाली असायलाच हवी. ती तुटली तर पॅनेलवर फॉल्ट दिसला पाहिजे, कारण हुकूम तिच्यातूनच जातो. रिले ज्या सर्किटला किंवा उपकरणाला नियंत्रित करतो त्याच्यापासून ३ फुटांच्या आत असावा, असं एनएफपीए ७२ म्हणतं. याचा अर्थ प्रत्येक दरवाजाशेजारी मॉड्यूल लावा असा बरेच जण घेतात आणि मॉड्यूलांचा खर्च उगीच वाढवतात. रिले जे सर्किट तोडतो ते पॉवर सप्लायमधून निघत असेल, तर मॉड्यूल पॉवर सप्लायला खेटून बसवलं की झालं.

रिलेनंतर होल्डरपर्यंतच्या वायरीचं काय? इथे क्लास डी लागू पडतो. २०१० च्या आवृत्तीपासून एनएफपीए ७२ मध्ये वायरिंगच्या मार्गांचे जे वर्ग आहेत, त्यातला हा. बिघाड झाला तर फॉल्ट दाखवला जात नाही, पण अपेक्षित काम आपोआप होतं. मानकाच्या परिशिष्टात यासाठी उदाहरणच डोअर होल्डरचं आहे: वीज गेली की दरवाजा बंद होतो. म्हणून होल्डरच्या लाइनला एंड ऑफ लाइन रेझिस्टर (वायर तुटल्याचं पॅनेलला कळावं म्हणून लाइनच्या टोकाला लावतात तो रोध) लागत नाही. तपासणीला आलेल्या माणसाने शेवटच्या होल्डरवर रेझिस्टर शोधायला सुरुवात केली तर त्याला क्लास डी हे दोन शब्द सांगावेत. वायर तुटली की दरवाजा बंद झालेला सगळ्यांना दिसतोच, तोच फॉल्टचा दिवा.

मात्र ‘फेल-सेफ’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. वायर तुटली, फ्यूज उडाला, शॉर्ट झाला, सप्लाय मेला, या सगळ्यात दरवाजा सुटतो. पण काही बिघाड असे आहेत की दरवाजा धरलेलाच राहतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटणं हा त्यातला पहिला, त्याबद्दल खाली सविस्तर. दुसरा चोरवाटेने येणारी वीज. नूतनीकरणात एक दरवाजा वाढतो, जवळच ॲक्सेस कंट्रोलचा २४ व्होल्टचा सप्लाय दिसतो, नवा होल्डर त्यावर जोडला जातो आणि जंक्शन बॉक्समध्ये जुन्या लाइनशी त्याची गाठ पडते. आता दोन सप्लाय एकाच लाइनला वीज देतात. पॅनेलने आपला रिले इमानदारीत उघडला तरी दुसरीकडून २४ व्होल्ट चालूच. तिसरा, रिले ज्या वायरीत आहे तिच्या दोन्ही बाजूंना अर्थ फॉल्ट, म्हणजे वायरीचा जमिनीशी नको असलेला संपर्क. एक आधी, एक नंतर. मग वीज जमिनीतून वळसा घालून रिलेला टाळते. म्हणून पॅनेलवर महिनोन्‌महिने दिसणारा अर्थ फॉल्ट ‘राहू दे, सिस्टीम चालतेय’ म्हणून सोडू नये. आणि चौथा, चुंबकाचा उरलेला चिकटपणा.

हा चौथा बिघाड स्वस्तातल्या मालात जास्त दिसतो. कॉइलची वीज गेली तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं. ते तोडायला चांगल्या होल्डरमध्ये चुंबकाच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली छोटी पिन किंवा बटण असतं, जे आर्मेचर प्लेटला, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या दरवाजावरच्या लोखंडी चकतीला, किंचित ढकलतं. पिन गंजली, रंगात बुजली किंवा कोणी काढून टाकली की हलका दरवाजा आणि सैल क्लोजर अशा जोडीत प्लेट चिकटून राहते. हरवलेल्या प्लेटच्या जागी कोणत्याही पोलादाचा तुकडा कापून लावला तरी हेच होतं. कडक पोलादात चुंबकत्व जास्त उरतं, त्यामुळे प्लेट मूळचीच हवी.

वीज आणि बॅटरीचा हिशेब

होल्डरचं वैशिष्ट्य असं की तो काम करत नसताना वीज खातो आणि काम करायच्या क्षणी खाणं थांबवतो. अलार्मच्या इतर सगळ्या उपकरणांच्या उलट. बॅटरीच्या तक्त्यात तो घातला तर काय होतं ते पाहा.

२४ व्होल्टचा, साधारण दीड वॅटचा होल्डर सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. बारा दुहेरी दरवाजे म्हणजे २४ होल्डर, १.४४ अँपिअर. २४ तासांच्या स्टँडबायला १.४४ गुणिले २४, म्हणजे ३४.५६ अँपिअर-तास. २५० मिलीअँपिअर घेणाऱ्या पॅनेलला स्वतःसाठी तेवढ्याच वेळात लागतात फक्त ६. म्हणजे सगळी बॅटरी दरवाजे उघडे धरण्यात जाणार आणि आग लागेल तेव्हा हूटरला काहीच उरणार नाही. एनएफपीए ७२ याबाबत स्पष्ट आहे: वीज गेल्यावर दरवाजा बंद होऊ देणाऱ्या मॅग्नेटिक होल्डरला दुय्यम वीजपुरवठा लागत नाही. म्हणून मेन सप्लाय गेला की होल्डरचं आउटपुट तोडायचं. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये डोअर होल्डरसाठी असं वेगळं सेटिंग असतं. नसेल तर मेनवर चालणाऱ्या रिलेतून लाइन घ्यायची, किंवा होल्डरसाठी बॅटरी नसलेला वेगळा सप्लाय ठेवायचा. शेवटचा उपाय मला जास्त आवडतो. दोष शोधताना डोकं शांत राहतं.

वीज वारंवार जाते तिथे दरवाजे सारखे आपटतात अशी तक्रार येते. मग कोणीतरी यूपीएस सुचवतं. चालेल, पण अलार्मचा रिले यूपीएसच्या नंतर, होल्डरच्या बाजूला असला पाहिजे. रिले यूपीएसच्या आधी टाकला तर तो यूपीएसचा इनपुट तोडतो आणि यूपीएस निष्ठेने दरवाजे उघडे धरून बसतो.

पॅनेलवरचं कुठलं टर्मिनल घ्यायचं यातही दोन सापळे आहेत. चार वायरींच्या स्मोक डिटेक्टरसाठी असलेलं रिसेटेबल आउटपुट प्रत्येक रिसेटला काही सेकंद बंद होतं, त्यामुळे रिसेट दाबला की इमारतभर दरवाजे धडाधड बंद. आणि हूटरचं सर्किट तर उलटंच वागतं: शांत असताना देखरेखीपुरता अगदी कमी, उलट्या ध्रुवतेचा करंट, आणि अलार्मला पूर्ण २४ व्होल्ट. होल्डरला हवं त्याच्या नेमकं विरुद्ध. काही पॅनेलमध्ये हेच सर्किट ‘डोअर होल्डर’ म्हणून प्रोग्राम करता येतं. तसं केलं असेल तरच वापरा.

व्होल्टेज ड्रॉप हूटरइतका जीवघेणा नसतो, पण बघायला हवा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२.१ ओहम. ८० मीटर लांबीत जाऊन-येऊन १.९४ ओहम. त्यातून १.४४ अँपिअर गेला तर २.८ व्होल्ट गळतात, शेवटच्या होल्डरला मिळतात २१.२. बहुतेक होल्डर १० ते १५ टक्के कमी व्होल्टेजवरही चालतात, म्हणजे निभावलं. पण त्याच लाइनवर आणखी आठ होल्डर जोडले की शेवटचा दरवाजा वाऱ्याच्या झुळकीने सुटायला लागतो आणि लोक त्याला लाकडी पाचर मारतात. पाचर दिसली की आधी तिथलं व्होल्टेज मोजा.

डायोड आणि रिले

कॉइलमधून करंट वाहत असताना कॉन्टॅक्ट उघडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि कॉइल उलटं व्होल्टेज फेकते, शेकडो व्होल्टचं. उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते. दर चाचणीला, दर अलार्मला. पृष्ठभाग खरवडत जातो, कधीतरी दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात. मग रिले क्लिक करतो, मॉड्यूलचा दिवा लागतो, पॅनेल ‘ॲक्टिव्हेटेड’ म्हणतं आणि दरवाजा हलत नाही.

उपाय किरकोळ आहे. होल्डरच्या टर्मिनलवर १एन४००७ सारखा डायोड, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लावला तर सरळ शॉर्ट, फ्यूज लगेच उडेल. डायोड पॅनेलपाशी नव्हे, कॉइलपाशीच लावायचा, म्हणजे लांब वायरीत करंट फिरत राहत नाही. त्यामुळे चुंबक सुटायला क्षणभर जास्त लागतो, दरवाजाच्या हिशेबात तो कोणाला कळणारही नाही. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या होल्डरमध्ये आत रेक्टिफायर असतो, तिथे वरून डायोड लागत नाही. डीसीच्या काही मॉडेलमध्ये डायोड आधीच बसवलेला असतो आणि मग पोलॅरिटी पाळावीच लागते. डेटाशीट उघडून बघा, अंदाज नको.

रिलेवर ‘३० व्होल्ट डीसी, २ अँपिअर’ लिहिलंय म्हणून २४ होल्डर एका रिलेवर टांगू नका. तो आकडा बहुधा रेझिस्टिव्ह लोडचा असतो, इंडक्टिव्हसाठी मर्यादा बरीच कमी. लोड जास्त असेल तर मॉड्यूलने एक मोठा रिले चालवायचा. मात्र तो रिले नेहमीच्या स्थितीत ऊर्जित ठेवायचा आणि अलार्मला सोडायचा, म्हणजे त्याची स्वतःची कॉइल जळली तरी दरवाजे सुटतील.

प्रोग्रामिंग

सर्वाधिक आढळणारी चूक इथे आहे: होल्डरचा रिले हूटरच्या गटात टाकलेला असतो. अलार्म आला, दरवाजे बंद झाले. सुरक्षारक्षकाने ‘सायलेन्स’ दाबलं, हूटरबरोबर रिलेही पूर्ववत झाला आणि होल्डरला वीज मिळाली. चुंबक दरवाजा स्वतःकडे ओढून आणत नाही हे खरं, पण जाणाऱ्या-येणाऱ्याने दरवाजा भिंतीपर्यंत ढकलला की तो पुन्हा उघडाच अडकतो, आग विझलेली नसताना. रिले ‘नॉन-सायलेन्सेबल’ हवा आणि फक्त रिसेटनंतरच परत यायला हवा.

दोन टप्प्यांच्या अलार्ममध्ये, म्हणजे आधी खात्री करायची आणि मग इमारत रिकामी करायची अशा व्यवस्थेत, दरवाजांनी त्या वाट पाहण्यात सामील होऊ नये. दरवाजा उगाच बंद झाला तर नुकसान काय? काहीच नाही. अमेरिकेच्या आयबीसी या इमारत-संहितेनुसार स्मोक डिटेक्टरवर सुटणारा दरवाजा डिटेक्टर चालू झाल्यावर १० सेकंदांच्या आत बंद व्हायला सुरुवात झाली पाहिजे. बीएस ७२७३-४ त्याच्या सर्वात कडक वर्गात आणखी पुढे जातं: आगीचा सिग्नल दरवाजापर्यंत पोचण्यात अडथळा आणू शकेल असा बिघाड झाला तरी दरवाजा सुटला पाहिजे. म्हणूनच हूटरचा आवाज ऐकून सुटणारे बॅटरीवरचे होल्डर या वर्गात सहसा बसत नाहीत. हूटरच बंद असेल तर त्यांना कळणार कसं? जिन्याच्या दरवाजाला ते नकोत.

डिटेक्टरबद्दल थोडक्यात: फक्त दरवाजा सोडण्यासाठी डिटेक्टर लावायचा असेल तर दरवाजाच्या वरची भिंत किती खोल आहे ते बघा. छतापर्यंत २४ इंचांपेक्षा जास्त असेल तर दोन्ही बाजूंना एकेक डिटेक्टर लागतो, कारण एका बाजूचा धूर भिंतीमागे साचत राहतो आणि दुसरीकडच्या डिटेक्टरला उशिरा कळतं.

सुटला, पण बंद झाला नाही

इथून पुढे अलार्मवाल्याची हद्द संपते, पण दोष त्याच्याच माथी येतो. चुंबक सुटला तरी दरवाजा बंद करणारा क्लोजरच. तेल गळून मेलेला क्लोजर, गालिच्यावर घासणारा तळ, वाकलेला बिजागर, लॅच (दरवाजा चौकटीत अडकवणारा खटका) न बसणं, जोडदरवाजात कोऑर्डिनेटर (कुठलं पान आधी मिटायचं ते ठरवणारी पट्टी) नसल्यामुळे चुकीचं पान आधी येऊन दुसऱ्याला अडवणं, ही नेहमीची मंडळी. नुसता मिटलेला दरवाजा पुरेसा नाही. लॅच बसलं नसेल तर आगीच्या दाबाने पान उघडतं.

होल्डरची जागाही महत्त्वाची. क्लोजर वर आणि होल्डर खाली असेल तर एक वर ओढतो, दुसरा खाली धरतो आणि वर्षभर असं ताणलेलं पान पिळतं. मग वरचा कोपरा चौकटीत बसत नाही. क्लोजरच्या जवळच्या उंचीवर, पानाच्या मोकळ्या कडेकडे होल्डर लावावा. आर्मेचर प्लेट थोडी डुलणारी हवी, घट्ट आवळलेली प्लेट चुंबकावर सपाट बसत नाही. रंगाऱ्याने प्लेटवर एक हात मारला तरी धरण्याची ताकद झपाट्याने घटते, कारण रंगाचा थर म्हणजे चुंबकासाठी हवेची फटच. हाताला कोमट लागणारा होल्डर मात्र ठीक आहे, तो तसाच असतो.

चाचणी

प्रत्येक दरवाजा पूर्ण उघडून होल्डरवर लावा. जवळच्या डिटेक्टरला धूर द्या, पॅनेलवरून सिम्युलेट करू नका. दरवाजा सुटून, पूर्ण मिटून, लॅच होईपर्यंत तिथेच उभे राहा. तो बंद असतानाच होल्डरच्या टर्मिनलवर मीटर लावा: शून्य व्होल्ट हवेत. पाच-सात व्होल्ट दिसले तरी चोरवाट शोधायची. मग हूटर सायलेन्स करून दरवाजे पुन्हा होल्डरवर टेकवून बघा, अडकता कामा नये. रिसेट केल्यावर अडकले पाहिजेत. त्यानंतर होल्डरच्या सप्लायचा मेन बंद करा, बॅटरी जोडलेली ठेवून. दरवाजे सुटले पाहिजेत. शेवटी प्रत्येक दरवाजा हाताने ओढून सोडवा.

जिन्यात हवेचा दाब देणारे पंखे असतील तर ही सगळी चाचणी पंखे चालू ठेवून एकदा पुन्हा करा. शांत हवेत छान मिटणारा दरवाजा त्या झोतासमोर अर्ध्यावर थांबतो, आणि खऱ्या आगीत पंखे चालूच असणार.

एनएफपीए ८० प्रमाणे फायर डोअरची वार्षिक तपासणी २००७ च्या आवृत्तीपासून आहेच. ती आणि अलार्मची वार्षिक चाचणी एकाच दिवशी, दोन्ही माणसं हजर ठेवून केली तर सीमेचा प्रश्न उरत नाही. नोंदीत प्रत्येक दरवाजाला क्रमांक, त्याच्यापुढे रिले मॉड्यूलचा पत्ता, सप्लाय कुठला, अलार्मवर सुटला का, मेन गेल्यावर सुटला का, लॅच बसलं का, एवढे रकाने पुरतात. चाचणीपुरता होल्डर चालू ठेवणारा बायपास स्विच असेल तर त्याची स्थिती शेवटच्या रकान्यात, आणि ती पॅनेल रूम सोडण्याआधी भरायची.